नेम, चष्मा आणि लेसरची घाई

पत्र : आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मुलगा १७ वर्षांचा, बारावीत आहे. १० मीटर एअर रायफल मारतो, एनडीएची (सैन्याधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयारी करतो आणि स्नायपर व्हायचं म्हणतो. दोन्ही डोळ्यांना मायनस १.७५ नंबर, ०.५० सिलिंडर (बुबुळाच्या तिरक्या गोलाईचा नंबर). हे म्हणतात, सुट्टीत नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन उरकून टाकू. मुलाचे मित्र म्हणतात, लेसर केलं की स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, नीट दिसत नाही. काय करावं?

ताई,

सुट्टीतला बेत आधी रद्द करा. स्कोपसाठी नव्हे, एनडीएसाठी. आर्मीच्या अधिकारी भरतीत लेसर झालेला उमेदवार चालतो, पण ऑपरेशनच्या वेळी वय २० च्या वर हवं, त्याला १२ महिने झालेले हवेत आणि कॉर्नियाची (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी निदान ४५० मायक्रॉन हवी. एनडीएला मुलं जातात साडेसोळा ते साडेएकोणीसची. बसतोय का हिशेब? उलट आजच्या नंबराला चष्मा चालतो, आर्मीची मर्यादा मायनस अडीचची आहे. शिवाय १७ व्या वर्षी नंबर अजून वाढू शकतो.

आता स्कोप. तुमचा मुलगा आज जी रायफल मारतो तिला स्कोप नसतोच. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं तेही मागच्या साइटच्या बारीक भोकातून बघूनच. तुमच्या मुलाची खरी अडचण वेगळी असणार: गाल रायफलला टेकला की नजर साध्या चष्म्याच्या कोपऱ्यातून जाते. भिंग सरकवता येणारी शूटिंगची फ्रेम घ्या. लेसरपेक्षा कितीतरी स्वस्त.

स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला एक रिंग असते. पांढऱ्या भिंतीकडे बघत ती फिरवायची, क्रॉसहेअर (नेमाची फुली) काळीभोर दिसली की थांबायचं. साधा मायनस नंबर तिथेच जमवून घेता येतो. सिलिंडर मात्र रिंगने जात नाही, त्याला चष्माच हवा. लेसरनंतर रिंग पुन्हा लावावी लागते, इतकंच.

मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १० पट मोठं दाखवणाऱ्या, ४० मिलिमीटर भिंगाच्या स्कोपमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ४ मिलिमीटरचा असतो. लेसरने घडवलेला भाग साधारण ६ मिलिमीटरचा, म्हणजे दिवसा काही बिघडत नाही. संध्याकाळी बाहुली मोठी होते, स्कोप कमी पटीवर आणला की झोतही रुंदावतो, आणि मग काहींना दिव्याभोवती वलयं दिसतात. पहिले काही महिने डोळे कोरडे पडतात. पापणी न लववता नेम धरणाऱ्याला हे जास्त जाणवतं. लॅसिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत कॉर्नियाचा पापुद्रा उचलतात, त्यामुळे रायफलच्या धक्क्याने स्कोप डोळ्यावर आदळण्याची भीती ज्याला आहे त्याने पीआरके या दुसऱ्या लेसर पद्धतीबद्दल विचारावं. त्यात पापुद्रा नसतो, पण नजर स्थिरावायला आठवडे लागतात.

आणि एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. एनडीएतून अधिकारी होतात. पलटणीत स्नायपर रायफल बहुतेक जवान आणि हवालदारांच्या हाती असते. मुलाला तुकडीचं नेतृत्व करायचंय की नेमबाजीच, हे त्याला विचारा. नेमबाजीच असेल तर आर्मी मार्क्समनशिप युनिट आपल्या महूलाच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा रौप्यविजेता विजय कुमार तिथलाच.

एनडीए हुकलंच तर पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची दुसरी परीक्षा आहे, लेसरचा विचार तेव्हा करू. तोवर दर सहा महिन्यांनी नंबर तपासा आणि कागद जपून ठेवा. नंबर वर्षभर हलला नाही ना, हे डॉक्टर त्यावरूनच बघतील.