मनगटावरची हजेरी : वाचकांचे प्रश्न

कामगारांच्या मनगटावर किंवा गळ्यात संवेदक बांधून हजेरी आणि काम नोंदवण्याच्या पद्धतीबद्दल अनेक पत्रे आली आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पहिल्या पत्रात प्रत्यक्ष मजुरी गेली आहे, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझी आई महापालिकेच्या ठेकेदाराकडे रस्ते झाडण्याचे काम करते. वर्षभरापासून सगळ्या कामगारांना जीपीएस असलेले घड्याळ सक्तीचे केले आहे. आईची बीट, म्हणजे झाडण्यासाठी नेमून दिलेला भाग, जुन्या गावठाणातल्या बोळांची आहे. ती पहाटेपासून तिथेच झाडत असते, तरी घड्याळ तिला अधूनमधून बीटबाहेर दाखवते आणि त्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. मुकादम म्हणतो, ‘मशीन दाखवतं, मी काय करू?’ यावर दाद मागता येते का?
— एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : दाद मागता येते, आणि तुमच्या आईंनी ती जरूर मागावी.

आधी घड्याळ चुकते कसे ते समजून घ्या, कारण अर्जात ते लिहावे लागेल. जीपीएसचा संवेदक आकाशातील किमान चार उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांना किती वेळ लागला यावरून आपली जागा काढतो. मोकळ्या मैदानात ही जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. गावठाणातल्या बोळात दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे आकाशाची अरुंद पट्टीच दिसते, काही संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात, आणि मग घड्याळ माणसाला कितीतरी मीटर बाजूला, शेजारच्या आळीत, नेऊन ठेवते. बीटची हद्द कोणीतरी कार्यालयात बसून संगणकावरच्या नकाशावर रेघ ओढून ठरवलेली असते. ती रेघ बोळाला चिकटून ओढली असेल, तर जागेवर उभा असलेला माणूसही दिवसातून अनेकदा हद्दीबाहेर ठरतो. शिवाय ही नोंद मोबाइलच्या सिमकार्डावरून जाते, त्यामुळे नेटवर्क गेले किंवा बॅटरी उतरली की नोंदीत खिंडार पडते. ते खिंडार गैरहजेरी म्हणून वाचले जात असेल, तर तो दोष यंत्रणा चालवणाऱ्यांचा आहे.

आता कायदा. आई ठेकेदाराच्या कामगार असल्याने त्यांना २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली वेतन संहिता, २०१९ लागू पडते. (महापालिकेच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी सेवानियम वेगळे आहेत, हे अन्य वाचकांनी लक्षात घ्यावे.) या संहितेनुसार गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. घड्याळाने आईंना चाळीस मिनिटे बाहेर दाखवले आणि ते खरे आहे असे घटकाभर धरले, तरी चाळीस मिनिटांचीच मजुरी कापता येईल. अर्धा दिवस कापला तर उरलेली रक्कम हा दंड झाला. दंडासाठी अटी निराळ्या आहेत : ज्या कृत्यांसाठी दंड होऊ शकतो त्यांची मंजूर यादी कामाच्या ठिकाणी लावलेली असली पाहिजे, कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी आधी दिली पाहिजे, आणि एका वेतनकाळातील एकूण दंड त्या काळातील मजुरीच्या तीन टक्क्यांहून अधिक होता कामा नये. हे नियम नवे नाहीत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही याच धाटणीचे संरक्षण होते. ज्या काळात हजेरीबुकावर शाईने फुली मारली जात होती त्या काळीही मजुराला विचारल्याशिवाय दंड करता येत नव्हता, मग आज तो का करता यावा?

‘मशीन दाखवतं’ हे मुकादमाचे उत्तर म्हणूनच स्वीकारू नये. यंत्राने एक ठिपका दाखवला. मजुरी कापण्याचा निर्णय ठेकेदाराच्या माणसाने घेतला आणि वेतनपत्रकावर सही त्याचीच आहे.

प्रत्यक्षात करायचे ते असे. आईंनी किंवा तुम्ही एका वहीत रोज कामाची सुरुवात, शेवट, झाडलेल्या गल्ल्या आणि सोबतच्या कामगारांची नावे लिहून ठेवावीत. ज्या तारखांना कपात झाली त्या तारखांची घड्याळाची पूर्ण नोंद ठेकेदाराकडे लेखी मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. महापालिका आणि ठेकेदार यांच्यातील करार, तसेच घड्याळे पुरवणाऱ्या संस्थेशी झालेला करार, माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतो आणि त्याचे उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. त्या करारांत घड्याळ चुकल्यास काय करायचे हे लिहिले आहे का, ते पाहा. ते लिहिलेच नसेल तर तीही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. एवढ्यावर मजुरी परत मिळाली नाही, तर कामगार आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात दावा दाखल करा. संहितेने त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली आहे. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्यासाठी काम होते त्याने, द्यायची, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे, म्हणून अर्जाची एक प्रत महापालिकेच्या घनकचरा विभागालाही द्या. त्याच बीटवरच्या इतर बायकांचीही मजुरी कापली जात असेल तर अर्ज एकत्र करा. एकीच्या घड्याळाला नादुरुस्त म्हणता येते. एकाच बोळातली पाच घड्याळे एकाच प्रकारे चुकत असतील तर हद्दीची रेघ तपासावीच लागते.

प्रश्न : मी स्वच्छता निरीक्षक आहे. घड्याळांवर टीका करणाऱ्यांना बोगस हजेरी काय असते हे माहीत नसते. वीस माणसांची हजेरी लागते आणि रस्त्यावर बारा दिसतात. घड्याळ आल्यावर यात फरक पडला. आम्ही काय चूक केली?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : आपण मांडलेली अडचण खरी आहे. जो कामावर येतच नाही त्याच्या नावावर मजुरी निघते, त्यात वरपर्यंत वाटे पडतात आणि आलेल्या बारा जणांना वीस जणांचे रस्ते झाडावे लागतात. या फसवणुकीचा पहिला बळी प्रामाणिक कामगार असतो. मुकादमाच्या मर्जीवर हजेरी अवलंबून असण्याचा जाच ज्यांनी सोसला आहे, त्यांतल्या काहींना घड्याळ आल्याने सुटल्यासारखे वाटले असेल, तर ते मी समजू शकतो.

तरीही घड्याळ नेमके काय मोजते ते पाहिले पाहिजे. ते घड्याळाची जागा मोजते. माणूस दुसरा असू शकतो आणि एकाच खिशात पाच घड्याळेही फिरू शकतात. रस्ता झाडून झाला का, गटाराच्या तोंडाशी अडकलेला कचरा निघाला का, हे त्यात उमटत नाही. नागपूर महापालिकेने सुमारे २०१८ पासून सफाई कामगारांना अशी घड्याळे दिली; पंचकुला आणि चंदीगड येथेही ती आली. चंदीगडमध्ये कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. घड्याळात कॅमेरा आणि मायक्रोफोन असल्याची आणि स्वच्छतागृहात जातानाही आपल्याला कोणी पाहत असेल या धास्तीची तक्रार तेथील महिला कामगारांनी केली. आपल्याकडे या कामात बहुसंख्येने दलित समाजातील स्त्रीपुरुष आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमाकडे संशयाने पाहिले गेले, त्यांच्याच मनगटावर आधी पट्टा चढतो आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारे अधिकारी त्यातून सुटतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते आणि आपणही ती नजरेआड करू नये.

महापालिका ही राज्यसंस्थेचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्या निकालाच्या चौकटीत सरकारी यंत्रणेला अशा हस्तक्षेपासाठी कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, या कसोट्यांना उतरावे लागते. बोगस हजेरी थांबवणे हा हेतू रास्त आहे. त्यासाठी कामाच्या वेळेतील जागा नोंदवणे एक वेळ समजता येईल. आवाज, चित्र किंवा काम सुटल्यानंतरचा ठावठिकाणा नोंदवणे मात्र त्या प्रमाणाच्या फार पलीकडचे आहे.

आपल्या हातात जे आहे तेवढे करा, अशी विनंती आहे. नोंदींचा उपयोग फसवणुकीचे नमुने शोधण्यासाठी करा : सकाळभर एकाच चालीने सरकणारी पाच घड्याळे संगणक क्षणात दाखवील, आणि तिथे आपण प्रत्यक्ष जाऊन पाहू शकाल. एखाद्या कामगाराची मजुरी कापण्याचा प्रश्न आला, तर ती नोंद त्याला दाखवा, त्याचे ऐका आणि मगच शेरा लिहा. घड्याळे कामाच्या वेळेनंतर चौकीत जमा होऊ द्या. घंटागाड्या आणि कचरा वाहणारे डंपर यांच्या फेऱ्यांवरही तेवढीच बारकाईने नजर ठेवा, कारण खोट्या फेऱ्यांचे बिल अनेक कामगारांच्या मजुरीइतके असू शकते.

प्रश्न : भोसरीत माझा साठ कामगारांचा कारखाना आहे. एक विक्रेता हातपट्टे देऊ पाहतो. कोण कोणत्या मशीनवर किती वेळ होता आणि हात किती हालले, हे त्यातून कळेल म्हणतो. घ्यावेत का?
— एक उद्योजक

उत्तर : आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, ते आधी ठरवा. हजेरी हवी असेल तर दारावरचे कार्ड पुरते. फोर्कलिफ्ट आणि माणूस यांची धडक टाळायची असेल, तर जवळ येताच इशारा देणारे टॅग उपयोगी पडतात आणि त्यांत कामगाराचे नाव साठवण्याची गरज नसते. हाताच्या हालचालींवरून मेहनत मोजण्याचा विचार मात्र सोडून द्या. सीएनसीवरचा, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरचा, अनुभवी सेटर जॉब (घडवायचा भाग) लावल्यावर उभा राहून टूलचा आवाज ऐकत असतो, पहिला नग तपासून येईपर्यंत थांबतो. हातपट्टा त्याला रिकामा ठरवील आणि विनाकारण धावपळ करणाऱ्या नवख्याला मेहनती. ही गोष्ट कामगारांच्या लक्षात यायला आठवडाही लागणार नाही, आणि मग जो तो हात हलवत राहील.

विक्रेता सांगेल की कामगारांकडून संमतीपत्रावर सही घेतली की झाले. ज्याची नोकरी आपल्या हातात आहे त्याची सही ही संमती मानायला मी तयार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरू देतो, आणि अशा माहितीची प्रत मागण्याचा हक्क कामगाराला त्या कायद्यात मिळत नाही. ही मला त्यातली मोठी उणीव वाटते. पण माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार असेल तर ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री करण्याची जबाबदारी हाच कायदा मालकावर टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. कायदा देत नाही तेही आपण देऊ शकता : प्रत्येकाला स्वतःची नोंद पाहू द्या.

जर्मनीत कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारे तांत्रिक साधन बसवायचे तर कामगारांच्या निवडून आलेल्या समितीशी सहमती करावी लागते. १९७२ च्या कायद्यातच ती तरतूद आहे. आपल्याकडे तेवढा हक्क नाही. मात्र हातपट्ट्यांमुळे कामाच्या किंवा विश्रांतीच्या वेळा बदलणार असतील, तर औद्योगिक संबंध संहिता, २०२० प्रमाणे एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. पट्टे विकत घेण्याआधी कामगारांना एकत्र बसवून विचारा. कोणत्या मशीनवर वेळ का जातो हे ते पट्ट्यापेक्षा चांगले सांगतील.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने ‘आरोग्य उपक्रम’ म्हणून हृदयाचे ठोके आणि झोप मोजणारा बँड फुकट दिला आहे. वापरावा का?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : त्याची नोंद कंपनीकडे जाते का, हे आधी लेखी विचारा. जात असेल तर माझा सल्ला नकाराचा आहे. शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संवेदनशील मानली आहे. ती गोळा करण्याआधी कंपनीने लेखी संमती घ्यावी लागते आणि ती न देण्याची मुभाही ठेवावी लागते. बँड आवडला असेल तर तो कंपनीच्या खात्याऐवजी स्वतःच्या खात्यावर नोंदवता येतो का ते पाहा. येत नसेल तर परत करा आणि परत केल्याची पोच ई-मेलवर घ्या.