न दिसणारे ग्रह मोजले कसे?

प्रश्न : दूरच्या ताऱ्यांचे ग्रह बहुधा दिसतच नाहीत म्हणतात. मग एखाद्या ताऱ्याला तीन ग्रह आहेत, सात आहेत, हे कळतं कसं?
– नववीतली विद्यार्थिनी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : बाळ, तुझा प्रश्न वाचला आणि दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर आठवलं. दुपारी आजी बाहेर झोपाळ्यावर बसायची, मी आत अभ्यासाला. ती दिसायची नाही. पण पितळी कड्यांची करकर एका लयीत यायची, म्हणजे झोपाळा चालू. ती करकर कानाआड केली की मागे संथ कट्... कट् उरायचं. आजी अडकित्त्याने सुपारी कातरतेय!

ग्रह फिरतो तसा त्याच्या ओढीने ताराही किंचित डोलतो. आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे उजेड फोडून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, लांब जाताना तांबड्या. देवयानी तारकासमूहातल्या अप्सिलॉन अँड्रोमेडीचं डोलणं असंच मोजून १९९६ मध्ये ४.६ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह सापडला. पण त्याचा हिशेब वजा केला तरी आकडे जुळेनात. काहीतरी बाकी उरायचीच. यंत्राचा दोष म्हणून ती सोडून देता आली असती. खगोलशास्त्रज्ञ मात्र मोजत राहिले, आणि १९९९ मध्ये त्या बाकीतून आणखी दोन लयी निघाल्या : एक सुमारे २४१ दिवसांची, दुसरी साधारण साडेतीन वर्षांची. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एकाहून जास्त ग्रह प्रथमच सापडले ते इथे. साडेतीन वर्षांची लय पकडायची तर निदान तेवढी वर्षं त्याच ताऱ्याकडे परत परत यावं लागतं. मला या शोधातला तो धीरच फार मोठा वाटतो.

सात ग्रहांचा ट्रॅपिस्ट-१ वेगळ्या रीतीने उलगडला. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो. त्या उतरण्याची सात निरनिराळी वेळापत्रकं २०१७ पर्यंत हाती आली.

अप्सिलॉन अँड्रोमेडी तुलाही बघता येईल, दुर्बीण नको. डिसेंबरच्या मध्यावर, रात्री साडेआठच्या सुमाराला, डोक्यावरून थोडा उत्तरेला. गावात दिव्यांमुळे दिसणार नाही, पावागडच्या बाजूला काळोखात जा. तारा ४४ प्रकाशवर्षं लांब आहे. तुला दिसेल तो उजेड तिथून निघाला, तेव्हा तुझी आई कदाचित रांगत असेल.