बिग बँग एका फादरने मांडला, म्हणून काय सिद्ध झालं?

प्रश्न: माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. परवा मिस्सेहून येताना म्हणाला, “आई, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात जगाच्या निर्मितीला सहा दिवस, आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. कुठलं खरं धरू?” मला उत्तर सुचलं नाही. आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की बिग बँगचा, म्हणजे महास्फोटातून विश्व सुरू झाल्याचा, सिद्धांत एका कॅथलिक फादरनेच मांडला आणि बायबलमधली निर्मिती विज्ञानानेच सिद्ध केली. हे खरं आहे का? मुलाला पाठवू का?
— एक आई, वसई

उत्तर: ताई, मेसेजचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा टिकणारा नाही, आणि तसं ठणकावून सांगणाऱ्यांत ते फादर स्वतःच होते. म्हणून मेसेज पाठवू नका, फादरांची गोष्ट सांगा. बारावीच्या पोराला फॉरवर्ड दाखवला की तो लगेच गूगल करतो आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला तोंडघशी पाडतो. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवताना मी हे पुष्कळदा पाहिलंय.

फादरांचं नाव जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४, बेल्जियममधल्या शार्लरवा गावचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, १९२३ मध्ये धर्मगुरू झाले आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला गेले. १९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे, आणि दीर्घिकांच्या (गॅलक्सींच्या) वेगांवरून त्या प्रसरणाचा दरही काढला. निबंध फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात; फारसा कोणी वाचला नाही. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्व्हे परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन भेटले तेव्हा म्हणाले, गणित बरोबर आहे, पण तुमचं भौतिकशास्त्र भयंकर आहे! विश्वाला आरंभ होता आणि तो एका ‘आदिम अणू’पासून झाला, हे लमेत्र यांनी पुढे, १९३१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पाठवलेल्या छोट्याशा पत्रात मांडलं.

मुलाला सांगायचीच असेल तर त्या पत्राची एक गंमत सांगा. पत्राचा टाइप केलेला मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात शेवटी एक परिच्छेद होता: जो परमेश्वराला मानतो तो हेही मानतो की परमेश्वर लपलेला आहे, आणि आजचं भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा ओढतं याचा त्याला आनंदच वाटेल, अशा अर्थाचा. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात ‘स्वतःला लपवणारा देव’ म्हटलंय, तो धागा यामागे आहे. लमेत्र यांनी हा परिच्छेद आडव्या रेघा मारून खोडला. छापून आलेल्या पत्रात देवाचं नाव नाही. देव त्यांच्या मनातून गेला नव्हता, पण तो ‘नेचर’मध्ये पुरावा म्हणून मांडायचा विषय नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढचा प्रसंग जास्त मोलाचा. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे बोलले आणि विश्वाच्या आरंभाबद्दलच्या नव्या शोधांचा संबंध त्यांनी थेट उत्पत्तीतल्या ‘प्रकाश होवो’शी जोडला. तुमच्या ग्रुपवरचा मेसेज म्हणजे त्या भाषणाचंच दूरचं नातवंड. एखादा फादर सुखावला असता, कारण प्रत्यक्ष पोप त्याच्या सिद्धांताला उचलून धरत होते. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्या मार्फत आपलं म्हणणं वर पोहोचवलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोममध्ये जमले, पोप त्यांच्याशीही बोलले, पण तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही.

आता याच परिषदेत काय झालं ते पाहा. मुलाला हे गणित स्वतः करू द्या. लमेत्र यांनी काढलेला दर होता दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. मेगापार्सेक हे अंतराचं माप; एक मेगापार्सेक म्हणजे साधारण ३.०९ × १०^१९ किलोमीटर. या अंतराला त्या वेगाने भागून सेकंदांची वर्षं केली की विश्वाचं वय येतं जेमतेम १६० कोटी वर्षं. पृथ्वीवरच्या खडकांचं वय तर तेव्हाच त्याहून जास्त निघत होतं! विश्वापेक्षा पृथ्वी म्हातारी, असा पेच होता, आणि त्यातून वाट काढायला लमेत्र यांना बरीच खटपट करावी लागली. रोमच्या त्या परिषदेत खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी जाहीर केलं की दीर्घिकांची अंतरंच आपण निम्मी धरत होतो, आणि विश्वाचं वय एका झटक्यात दुप्पट झालं. आज तो दर ७०च्या आसपास आहे आणि वय १३८० कोटी. जो आकडा असा हलतो, त्याच्यावर श्रद्धा कशी टांगून ठेवायची?

विरोधकही होतेच. ‘बिग बँग’ हे नावच मुळी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना दिलं, आणि त्यांना हा सिद्धांत मान्य नव्हता. आपले जयंत नारळीकर हे हॉईल यांचे विद्यार्थी. त्यांनीही महास्फोटावर पुढे सतत शंका घेतल्या. उद्या त्यांच्या बाजूचे पुरावे मिळाले असते तर आपण विश्वासांगीकार (देवावरच्या श्रद्धेची प्रार्थना) म्हणायचं थांबवणार होतो का? लमेत्र यांचं १९५८मधलं म्हणणं हेच होतं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे. नास्तिकालाही तो मोकळं ठेवतो.

राहिले सहा दिवस. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग आधीचे तीन दिवस कसले? हा प्रश्न तुमच्या मुलाच्या १६०० वर्षं आधी संत ऑगस्टीनला पडला होता, आणि ते २४ तासांचे दिवस नव्हेत असंच त्यांचं मत पडलं. आकाश-पृथ्वीबद्दल बायबलचा हवाला देऊन काहीबाही बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसामुळे इतरांपुढे शोभा होते, असंही त्यांनी खडसावलंय. (ग्रुप ॲडमिनना हे जरूर कळवा.) तेव्हा ‘कुठलं खरं’ या प्रश्नाला माझं उत्तर: वर्षं मोजायची असतील तर फिजिक्सचं पुस्तक. उत्पत्ती सांगते की हे सगळं कुणाचं आहे आणि ते ‘चांगलं’ आहे. हे दुसरं दुर्बिणीतून दिसत नाही, आणि मुलाला ते आत्ताच पटेल असा माझा दावा नाही. वाद जिंकायला जाऊ नका. त्याला विचारत राहू द्या.

प्रश्न: वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘विज्ञान आणि धर्म’ हा विषय आहे. गॅलिलिओला चर्चने जाळलं, हे बरोबर आहे ना?
— इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: नाही. जाळलं ते तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रूनो यांना, १६०० मध्ये रोममध्ये, आणि त्यांच्यावरचे आरोप मुख्यतः धर्ममतांचे होते. गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला झाला, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपलं मत गुडघे टेकून मागे घ्यायला लावलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत ते नजरकैदेत होते, बराच काळ फ्लोरेन्सजवळच्या आर्चेत्री इथल्या घरात. जाळलं नाही म्हणून चर्च सुटत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये तेव्हाच्या धर्मपंडितांची चूक मान्य केली. भाषणात ‘जाळलं’ काढून ‘नजरकैद’ घाल, आणि त्या कैदेत असताना त्यांचं गतिशास्त्रावरचं पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं, हेही सांग. परीक्षकांत कोणी इतिहासाचे सर असतील तर मार्क वाढतील.