पोरगं हुशार आहे, पण घरात कोणाचंच चालत नाही

"मॅडम, नऊ वर्षांचा आहे हो फक्त, पण आम्हा तिघांना गुंडाळून ठेवतो." मी मुलांची समुपदेशक, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे सारखी येते आणि सांगताना आईबाबांच्या आवाजात वैताग असतो तसं थोडं कौतुकही असतं. त्या कौतुकाबद्दल पुढे बोलतेच.

चिनू म्हणू त्याला, नाव बदललंय. चौथीत आहे, आईबाबा दोघं नोकरीला, दिवसभर आजीजवळ. घरात नियम होता की टीव्ही अर्धा तासच. चिनूचं म्हणणं, नियम टीव्हीचा आहे, मी तर मोबाईल बघतोय. मोबाईल काढून घेतला तर आजीचा घेतला, कारण "तो आजीचा आहे, माझा कुठंय?" मग बाबांनी टायमर लावला तर पठ्ठ्याने सेटिंगमध्ये जाऊन फोनचं घड्याळच मागे नेलं. शिवाय आजीला सांगायचं आई हो म्हणाली आणि आईला सांगायचं आजीने कधीच हो म्हटलंय, दोघींचं एकमेकींशी बोलणं होईपर्यंत याचं काम झालेलं असायचं.

पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "तुम्ही प्रत्येक वेळी फी घेता ना? मग मी लगेच सुधारलो तर तुमचंच नुकसान आहे." बाबांना हसू आवरेना आणि चिनूने लगेच त्यांच्याकडे बघून घेतलं, दाद मिळाली का म्हणून. मी त्याला सरळ सांगितलं, बरोबर आहे, पैसे कमी मिळतील मला, तरी चालेल. यावर वाद घालण्यासारखं काही उरलंच नाही, मग तो नीट बोलायला लागला.

पण मला खरी काळजी वाटली ती आईने जाता जाता सांगितलेल्या गोष्टीची. हाच मुलगा रात्री एकटा झोपत नाही, दाराची कडी लावली का हे दोन-तीनदा उठून विचारतो. अशी मुलं मी बरीच बघितलीत. दिवसभर मोठ्यांना हरवतात आणि मग त्यांना आतून वाटायला लागतं की इथे आपल्यापेक्षा खंबीर कोणीच नाही, आणि नऊ वर्षांच्या जिवाला हे झेपत नाही. तर्क मोठ्यांसारखा चालतो म्हणून मन पण तेवढंच मोठं झालंय असं आपण धरून चालतो, तसं नसतं. स्वतःला आवरणं, पुढचा विचार करणं हे सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो.

दुसरं म्हणजे मोठ्यांचं खोटं बोलणं. बाबा सांगायचे फोनची बॅटरी संपलीये, चिनू स्क्रीनवर ६४ टक्के वाचायचा. आई म्हणायची वायफाय बंद पडलंय, हा राउटरचा दिवा बघून यायचा. एकदा हे कळलं की मुलाला प्रत्येक 'नाही' तपासून बघावासाच वाटतो. मी आईबाबांना एवढंच सांगितलं की कारण खोटं देऊ नका, "फोन चालू आहे, पण आता मिळणार नाही" असं म्हणा आणि तिथेच थांबा, मग त्याने दहा मुद्दे काढले तरी. दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा कंटाळून हो म्हटलं तर तो शिकतो की अकरा वेळा मागायचं असतं. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने सवय जास्त चिवट होते हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहिती आहे आणि कुठल्याही घरात दिसतं.

पण वाद पूर्ण बंद करायचा नव्हता, ती त्याची ताकद आहे. म्हणून रविवारी सकाळी नाश्त्यानंतर वीस मिनिटं बैठक ठरवली. चिनूने आपले मुद्दे वहीत लिहून आणायचे, पटले तर नियम बदलायचा, पण मग आठवडाभर तोच, मधे चर्चा नाही. नियम टीव्हीचा न ठेवता 'कुठलाही स्क्रीन' असा लिहिला. त्यातही त्याने पळवाट शोधलीच, मामाच्या घरचा स्क्रीन कशात मोजायचा? लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो आठवडा त्याला दिला आणि पुढच्या रविवारी दुरुस्ती केली. हे न्याय्य वाटलं त्याला. आजींसाठी एकच वाक्य ठरवलं, "आईला फोन करून सांगते बाळा." आजींना सुरुवातीला फार जड गेलं, नातवापुढे आपण वाईट होतोय असं वाटायचं.

आता कौतुकाचं. पाहुण्यांसमोर "काय डोकं आहे, वकीलच होणार" असं सांगत त्याच्या युक्त्यांचे किस्से रंगवणं बंद करा असं मी कळकळीने सांगितलं. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात हुशारीचं कौतुक झालेली मुलं अपयश आल्यावर लवकर खचली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांपेक्षा त्यांच्यातली जास्त मुलं आपले मार्क वाढवून सांगत होती. चिनू गणिताचा पेपर लपवायचा तो यामुळेच असावा. त्यापेक्षा त्याने खरं सांगितलं, नाराज असूनही फोन ठेवला, तेव्हा बोला ना काहीतरी.

पहिले दोन आठवडे घरात रडारड, आदळआपट झाली, ती होतेच, तेवढ्यावरून सोडून देऊ नका. आता चिनू भांडतो पण रविवारी, आणि कडीचं रात्री एकदाच विचारतो. पेपर अजून लपवतो अधूनमधून, त्यावर काम चालू आहे. तुमच्याकडे युक्त्यांसोबत पैसे उचलणं, लहान मुलांना त्रास देणं किंवा झोप, जेवण बिघडणं असं काही असेल तर मात्र घरच्या घरी बघत बसू नका, जवळच्या बाल समुपदेशकाला दाखवा.