‘चहा’तला च आणि ‘चमच्या’तला च

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत वाढते, रविवारी मराठी शाळेत जाते. ‘चमचा’ वाचताना ती ‘चहा’तला च उच्चारते. मी सुधारलं की म्हणते, “आजी, अक्षर तर तेच आहे ना!” तिला काय सांगू? (एक आजी, चिपळूण)

आधी तिला शाबासकी द्या. अक्षर एकच आणि आवाज दोन, हे तिनं बरोबर हेरलंय. आपण मराठी कानांनी शिकलो, म्हणून हा फरक आपल्या ध्यानातही येत नाही. ती डोळ्यांनी शिकतेय, म्हणून अडली.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून एवढं करून घ्या. ‘चहा’ म्हणायला जीभ लावायची आणि आवाज न काढता तिथंच थांबायचं. जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूला चिकटलेला असेल. मग ‘चमचा’साठी तसंच. आता जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं, हिरडीपाशी गेलेलं असेल. पहिला च तालव्य. दुसऱ्याला आपली व्याकरणं दंततालव्य म्हणतात. ज आणि झ यांचंही असंच आहे : ‘जेवण’ आणि ‘जाळं’, ‘माझी’ आणि ‘माझा’.

वर्णमाला संस्कृतच्या उच्चारांवर बेतलेली आहे आणि संस्कृतात च एकच, तालव्य. मराठीत दुसरा रुजला, पण त्याला वेगळं अक्षर मिळालं नाही. तेलुगूतही असे दोन च ऐकू येतात.

तिला आधार म्हणून एक गोष्ट सांगता येईल. पुढं इ, ई किंवा य आला की च तालव्यच : चिंच, चीक, च्यवनप्राश. ए आला तरी बहुधा तसंच. म्हणून ‘चमचा’चे ‘चमचे’ झाले की शेवटचा च लगेच टाळूकडे सरकतो. ‘माझे’ म्हणताना झ तालव्य आणि ‘माझं’ म्हणताना दंततालव्य, हे तर मला आजही नवलाचं वाटतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले चंद्र, चरण, जल हे शब्दही तालव्यच राहतात. उरलेल्या चोर, चूक, चव, झाड अशा शब्दांत बहुतेक वेळा दंततालव्य. पण ‘चार आंबे’ आणि ‘गाईचा चारा’ यांतला फरक कुठल्या नियमानं सांगणार? तो ऐकूनच येतो. तेव्हा वाचून घेण्याआधी तिला भरपूर ऐकवा. रोज फोनवर एक गोष्ट सांगा.

प्रश्न : एम. ए.ला भाषाविज्ञान आहे. स्वन, स्वनिम आणि स्वनांतर यांत दरवेळी गोंधळ होतो. (विद्यार्थी, नांदेड)

व्याख्या बाजूला ठेव आणि दोन वाक्यं मोठ्यानं म्हण : ‘हे जग मोठं आहे.’ ‘सुखानं जग.’ पहिला ज टाळूवर, दुसरा दातांमागं. बाकी सगळं तेच, फक्त ज बदलला आणि अर्थ बदलला. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, ही आणखी एक जोडी. तोंडातून प्रत्यक्ष निघणारा प्रत्येक आवाज हा स्वन. ज्याच्या बदलानं अर्थ बदलतो, तो भाषेच्या हिशेबात स्वतंत्र धरायचा. तो स्वनिम. म्हणजे मराठीत ज हे अक्षर एक, पण स्वनिम दोन.

आता ‘रंग’ म्हण आणि ग च्या आधी थांब. जिभेचं टोक मोकळं आहे, मागचा भाग वर गेलाय. ‘अंत’ म्हणताना मात्र टोक दातांना लागतं. अनुनासिक दोन निघाले, पण मराठी कानाला दोन्हीकडे अनुस्वारच ऐकू येतो, कारण कुठला निघणार हे पुढचं व्यंजन ठरवतं. अशा, जागेप्रमाणं बदलणाऱ्या पण अर्थ न बदलणाऱ्या रूपांना स्वनांतरं म्हणतात. (‘वाङ्मय’ आठवलं असेल, तर छान : तिथं पुढं म असूनही ‘रंग’मधलाच अनुनासिक येतो. तो संस्कृतातून आलेला वेगळा मामला आहे.)

हा हिशेब भाषेगणिक वेगळा असतो, हे विसरू नकोस. ‘पळ’ आणि ‘फळ’ आपल्याला दोन शब्द. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणताना प वर हवेचा झोत सोडतो, ‘स्पिन’ म्हणताना सोडत नाही. तोंडापुढं कागद धरला तर तो हलताना दिसेल. पण त्याला दोन्ही प एकच वाटतात. आपले दोन स्वनिम ही त्याची दोन स्वनांतरं.

प्रश्न : वर्ण आणि अक्षर एकच का? (वाचक, सातारा)

नाही. क् हा वर्ण, त्यात अ मिळाला की क हे अक्षर. ‘स्त्री’ हे अक्षर एक, वर्ण चार : स्, त्, र्, ई.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यात दुसरीला शिकवते. मुलं ‘डोया’, ‘काया’, ‘पोयी’ म्हणतात. हे अशुद्ध उच्चार कसे घालवावेत? (शिक्षिका)

बाई, तुमची तळमळ समजते, पण ‘अशुद्ध’ हा शब्द वर्गाबाहेर ठेवा, ही हात जोडून विनंती. मी अचलपूरकडची. शहरातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी ‘डोया दुखते’ म्हणाले आणि मला ते वाक्य उभं राहून पुन्हा म्हणायला लावलं. वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात आपणहून बोलले नाही.

तुमची मुलं चुकत नाहीत. ती नियम पाळताहेत. डोळा, काळा, पोळी, जिथं पुस्तकात ळ आहे तिथं त्यांच्या घरी य आहे. जीभ चुकून घसरली असती, तर कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. ही वऱ्हाडीची रीत आहे. भाषाभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या, १९०५ सालच्या खंडात वऱ्हाडीचे नमुने मराठीची बोली म्हणूनच छापलेले आहेत.

पुस्तकातला ळ त्यांना यायलाच हवा. पुढं ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे लिहायचे आहेत. पण तो जादाचा म्हणून शिकवा. जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं आणि झटक्यानं पुढं सोडायचं. लहान आरसा दिला तर मुलं आवडीनं करतात. फळ्यावर दोन रकाने आखा : ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. घरचा रकाना मुलांनाच भरू द्या. डोया, काया, पोयी. तुमच्या गावचे आणखी निघतील. तुमच्याही घरी हेच बोलत असतील, तर पहिला शब्द तुम्ही लिहा.