टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत बझर अर्ध्यात दाबावा की प्रश्न पूर्ण ऐकून?

तुम्ही विचारलंय की धाकट्या बहिणीच्या कॉलेजची टीम टीव्हीवरच्या मराठी प्रश्नमंजुषेत उपांत्य फेरीला पोहोचली आहे, ती कॅप्टन आहे, समोरची टीम बझरवर फार वेगवान आहे, तर अटीतटीच्या मॅचमध्ये तिने अर्ध्या प्रश्नावर बझर दाबायचा धोका घ्यावा का. घ्यावा. पण अशा मॅच बझरवर हरतात असं जे तुम्ही धरून चालला आहात ते मला अजिबात मान्य नाही, आणि याच मुद्द्यावर मी पंचवीसेक वर्षं एका माणसाशी भांडतोय.

1985 साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. टीव्हीतल्या पोरांच्या आधी उत्तर ओरडायचं, हा आमच्या घरातला खेळ. पुढे एस.वाय.ला असताना एका वाहिनीवरच्या आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजुषेसाठी आमची टीम निवडली गेली आणि बझर साहजिकच माझ्याकडे आला. चौघे होतो. मधे कॅप्टन, त्याच्या उजवीकडे मी, डावीकडे कॉमर्सचा एक मुलगा आणि त्याच्याही पलीकडे, अगदी टोकाला, बॉटनीची एक मुलगी. ती दिवसात चार वाक्यं बोलायची आणि चारही बरोबर असायची.

बझरचा प्रश्न 10 गुणांचा. चुकलं तर 5 वजा आणि प्रश्न समोरच्यांकडे. बरोबर आलं की त्याच टीमला 10 गुणांचा जोडप्रश्न, चर्चा करून. त्याचं उत्तर मात्र फक्त कॅप्टनच्या तोंडून आलेलंच धरणार.

एका दिवसात चार भागांचं शूटिंग होतं, आमचा तिसरा. स्टुडिओतल्या एसीने बोटं गार पडलेली आणि डोक्यावर दिव्यांचा चटका. बझर म्हणजे टेबलावर बसवलेलं साधं बेलचं बटण होतं. ते किती दाबल्यावर लागतं हे मी तालमीतच बघून ठेवलं होतं, त्यामुळे अंगठा आधीच तेवढा टेकलेला असायचा. सुरुवातीला आम्ही 40 गुणांनी मागे होतो. मग एकेक प्रश्न ओढून काढला आणि शेवटची पाच-सात मिनिटं उरली तेव्हा आम्ही 170, ते 165.

तेव्हा आम्हाला जोडप्रश्न होता: भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत हाताने कोणी लिहिली?

कॅप्टन लगेच म्हणाला, “नंदलाल बोस.” आम्हाला म्हणाला, अजून सूत्रसंचालकांना नाही. मला खात्री नव्हती. कॉमर्सवाल्याने मान हलवली. आणि टोकावरून ती पुढे वाकून म्हणाली, “नाही, ती चित्रं. अक्षर रायजादांचं, प्रेमबिहारी.” मी ऐकलं. कॅप्टनने तिच्याकडे बघितलंही नाही. “संविधान म्हटलं की नंदलाल बोसच येतात,” असं म्हणून त्याने उत्तर देऊन टाकलं.

बरोबर उत्तर प्रेमबिहारी नारायण रायजादा. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनी पानं सजवली, अक्षर रायजादांचं. अर्धवट माहिती असलेला माणूस असाच घसरतो. त्याला नाव माहीत असतं, त्या नावाने नेमकं काय केलं ते माहीत नसतं.

पुढचा बझर त्यांचा, जोडप्रश्नही त्यांचाच, म्हणजे ते 185. त्यानंतरचा बझर मी मारला, आम्ही 180. तो जोडप्रश्न आमच्यातल्या कोणालाच येत नव्हता, त्याबद्दल तक्रार नाही. घड्याळात एकाच प्रश्नाचा वेळ उरला होता.

“16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी...”

इथे मी दाबला. दिवा आमचा लागला. मी म्हणालो, “ठाणे.”

प्रश्न असा होता: ही गाडी तीन इंजिनं ओढत होती, त्यांतल्या दोघांची नावं साहिब आणि सिंध, तर तिसऱ्याचं काय? समोरच्यांनी शांतपणे ‘सुलतान’ सांगितलं. ते 195, आम्ही 175. नंतर भाग बघणाऱ्या नातेवाइकांना वाटलं की आम्ही वीस गुणांनी आरामात हरलो. मला ‘सुलतान’ माहीत होतं. त्या स्टुडिओत बसलेल्या आठही जणांना माहीत असणार, इतका तो सोपा प्रश्न होता.

तेव्हापासून कॅप्टनचं एकच पालुपद आहे: “तू एक सेकंद थांबला असतास तर जिंकलो असतो.” मागच्या वर्षी हे त्याने माझ्या मुलासमोर म्हटलं, म्हणून आज इतकं लिहितोय.

हिशेब करू. रायजादांचं उत्तर धरलं असतं तर शेवटच्या प्रश्नाला आम्ही 190 असतो आणि ते 185. म्हणजे घाई त्यांना झाली असती. ‘बोरीबंदर’ ऐकल्यावर अंगठा त्यांचा हलला असता, ‘ठाणे’ कदाचित त्यांच्या तोंडून गेलं असतं. आम्ही 5 ने मागे असताना, समोरची टीम वेगवान असताना, सर्वांना येणारा प्रश्न चालू असताना मी थांबायचं कशासाठी? थांबलो असतो तर दिवा त्यांचा लागला असता आणि आम्ही उत्तर मनात ठेवून हरलो असतो. मॅच गेली ती आधीच्या त्या जोडप्रश्नाला.

आता बझर कधी दाबायचा ते. इंग्रजी क्विझचे व्हिडिओ बघून बझरचा सराव करू नका, मराठीला ते लागू पडत नाही. इंग्रजीत व्हॉट, विच, हू हे शब्द अनेकदा सुरुवातीलाच येतात, काय विचारणार ते कळतं आणि पुढे फक्त माहिती जुळवायची असते. मराठीत कोण, कुठे, कोणता हे शेवटाकडे, क्रियापदाला चिकटून येतात. म्हणजे सगळी माहिती आधी मिळते आणि नेमकं काय हवंय ते सर्वांत शेवटी. मधल्या वेळात आधार एकच, विभक्ती. ‘गाडीत’ म्हटलं की प्रवासी येणार, ‘गाडीचे’ म्हटलं की डबे येण्याची शक्यता जास्त. (डबे 14, प्रवासी साधारण 400, तेही पाठ करून ठेवा.) नुसतं ‘गाडी’ आलं तर काहीच ठरत नाही, आणि मी नेमका तिथेच दाबला. पुढचा शब्द ‘तीन’ होता. बहिणीला सांगा, घरी कोणाला तरी प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा, प्रत्येक शब्दानंतर थांबवायचं आणि आता काय काय विचारलं जाऊ शकतं ते बोलून दाखवायचं. शक्यता एकच उरली की अंगठा.

नियमही नीट वाचा. ब्रिटनमध्ये 1962 साली सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये प्रश्न मधेच तोडून चुकलं तर 5 वजा होतात, पूर्ण ऐकून चुकलं तर काहीच जात नाही. आमच्याकडे दोन्ही वेळा 5 जायचे, त्यामुळे थांबण्याचा फायदा तेवढाच कमी. तुमच्या कार्यक्रमात कसं आहे त्यावर बरंच अवलंबून आहे.

दोन गोष्टी मान्य करतो. आम्ही पुढे असतो तरी ते पूर्ण प्रश्न ऐकून, बरोबर उत्तर देऊन जिंकू शकले असते. आणि दाबला ते बरोबर असलं तरी दिवा लागताच उत्तर फेकलं ही माझी चूक होती. दाबल्यावर तीन सेकंद मिळायचे, मी अर्धाही वापरला नाही. ते वापरले असते तर पहिल्या गाडीबद्दल ‘ठाणे’ विचारणं या फेरीत फारच सोपं झालं असतं, एवढं तरी सुचलं असतं.

कॅप्टन आता म्हणतो की ती काही बोललीच नव्हती. टेबलावर माईक एकच होता, त्याच्यासमोर, तिचं कुजबुजणं त्यात आलं नाही. पण प्रसारणाच्या दिवशी घरी व्हीसीआरवर उतरवलेली कॅसेट माझ्याकडे आहे. चर्चेचे पाच-सहा सेकंद कापून त्यांनी एक सेकंद ठेवलाय. त्या सेकंदात ती कॉमर्सवाल्याच्या पाठीमागून हात लांब करून कॅप्टनची बाही ओढताना स्पष्ट दिसते. आणि तो माईककडे बघतोय.

तुमच्या बहिणीच्या टीममध्ये जो किंवा जी सर्वांत कमी बोलते, तिला टोकाला बसवू नका, बहिणीच्या शेजारी बसवा, इतकी जवळ की कोपर लागेल. आणि तिने ‘नाही’ म्हटलं तर उत्तर द्यायच्या आधी बहिणीने काय करायचं, ते शूटिंगला जायच्या आधी चौघांनी मिळून ठरवून टाका.