आधी वायर, मग लहरी

नाशिक, गंगापूर रोड

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगारातून आणलेला जुना ३८६ संगणक चालू झाला हे वाचून फार आनंद झाला. आता तुला तो ‘नेटला जोडायचा’ आहे आणि त्यासाठी सिरियल पोर्टला लावायचा वायफाय मोडेम मागवू का, असं विचारलंयस. माझं उत्तर आहे: आत्ता नको. त्या छोट्या बोर्डात सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असतं. जोडणी झाली तर का झाली ते कळत नाही आणि तुटली तर कुठे तुटली तेही कळत नाही. तुला शिकायचं आहे, म्हणून मी लांबचा रस्ता सांगतोय. आधी वायर, मग रेडिओ, म्हणजे माझा हॅम (हौशी) रेडिओ.

त्याआधी एक काम आजच कर. मदरबोर्डवर निळ्या किंवा हिरव्या वेष्टनाची पिंपासारखी बॅटरी असेल तर ती काढून टाक. ती निकेल-कॅडमियमची असते. जुनी झाली की फुटते आणि तिच्यातला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खात सुटतो. काढण्यापूर्वी सेटअपमध्ये जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे वहीत उतरवून घे, कारण बॅटरीबरोबर तेही पुसले जातील. हिरवट थर दिसला तर कापसाच्या बोळ्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन हलक्या हाताने पूस, मग डिस्टिल्ड वॉटरने धू आणि दोन दिवस वाळू दे. पॉवर सप्लाय मात्र उघडू नकोस. बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. तो आपण दोघं मिळून बघू.

आता वायर. दुसऱ्या टोकाला माझा ४८६ संगणक ठेवू. नल मोडेम केबल, म्हणजे मोडेमशिवाय दोन संगणक थेट जोडणारी वायर, तयार घेऊ नकोस, स्वतः कर. दोन्हीकडे ९ पिनांचे कनेक्टर. इकडची २ तिकडच्या ३ ला, ३ तिकडच्या २ ला, ५ ला ५. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, एवढाच त्याचा अर्थ. ७ आणि ८ सुद्धा अशाच उलटसुलट जोड, म्हणजे ‘थांब’ आणि ‘बोल’ म्हणण्याची सोय होते. दोन्हीकडे करमिट चढव. हा प्रोग्राम १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तयार झाला आणि खराब लाइनवरून फाइल नेण्यात आजही भरवशाचा आहे. वेग सेकंदाला ९६०० बिट ठेव. प्रत्येक अक्षराला आठ बिट, वर एक आरंभाचा आणि एक शेवटाचा, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. मग वेग वाढवत जा आणि अक्षरं कुठे गळायला लागतात ते बघ. तुझ्या सिरियल पोर्टच्या कार्डावर ८२५० किंवा १६४५० चिप असेल, तर ती आलेलं एकच अक्षर धरून ठेवते. प्रोसेसर वेळेत उचलायला आला नाही तर पुढचं अक्षर त्याच्यावर येऊन पडतं. १६५५०ए चिपमध्ये १६ अक्षरांची रांग मावते. हा फरक पुस्तकात वाचून कळतो, पण फाइल अर्ध्यात अडकलेली डोळ्यांसमोर दिसली की तो विसरत नाही.

वायरवर आठवडाभर नीट चाललं की मधली वायर काढायची आणि तिथे रेडिओ बसवायचा. संगणकाला काही कळत नाही; त्याच्या लेखी पोर्टला एक डबा लागलेला असतो, टीएनसी, म्हणजे टर्मिनल नोड कंट्रोलर. माझ्याकडचा डबा टीएनसी-२ च्या धाटणीचा आहे, आत झेड८० प्रोसेसर. १९७६ ची ही चिप. ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने मूळ झेड८० चं उत्पादन थांबवायचं ठरवलं ते २०२४ साली. म्हणजे तुझ्या जुन्या संगणकाला हवेत बोलायला त्याच्याहूनही जुन्या घराण्यातला दुभाष्या मिळतो. तो अक्षरं गोळा करतो, एएक्स.२५ या हॅम रेडिओवरच्या नियमाने त्यांचं पॅकेट बांधतो आणि १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत ते गाऊन दाखवतो. गाऊन म्हणतोय ते शब्दशः घे. १२०० बॉडचा, म्हणजे इथे सेकंदाला १२०० बिटांचा, पॅकेट कानाला ऐकू येतो. २५६ अक्षरांचा मजकूर हवेतून जायला पावणेदोन सेकंद लागतात, वर पत्त्याचा आणि रेडिओ चालू होण्याचा वेळ. एवढ्या सावकाश चाललेलं काम कानाने तपासता येतं. म्हणूनच मला हा वेग प्रिय आहे.

माझ्या पहिल्या जोडणीची गोष्ट तुला सांगायलाच हवी. सिन्नरच्या एका मित्राबरोबर दोन महिने प्रयत्न केले. त्याचं सगळं मला वाचता येत होतं, माझं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मी अँटेना बदलला, केबल बदलली, पॉवर वाढवली. शेवटी त्याने टीएनसी बाजूला ठेवून नुसत्या कानाने ऐकलं आणि म्हणाला, “अरे, तुझा आवाज फाटतोय.” टीएनसीतून रेडिओला जाणारा आवाज इतका चढा होता, की सुरांची टोकंच छाटली जात होती. पेचकसाने आवाज जुळवायचा प्रीसेट थोडा मागे फिरवला आणि पहिलंच पॅकेट पोचलं. दोन महिने मी ताकद वाढवत होतो आणि इलाज आवाज कमी करण्यात होता. एएक्स.२५ मध्ये एक बिट जरी बिघडला तरी समोरचा ते पॅकेट गुपचूप टाकून देतो, तक्रार करत नाही. त्यामुळे चूक दिसत नाही, फक्त शांतता दिसते. असं झालं की ऐकायला बस.

ऐकण्याचा दुसराही एक धडा आपल्या डोंगरांनी शिकवला. वारंवारता एकच असते, बोलणारे अनेक. कोणी बोलत असेल तर थांबायचं, हा साधा नियम. पण समज, एक जण त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या कुशीत आहे आणि दुसरा सिन्नरला. दोघांनाही पांडवलेण्याजवळचं रेडिओ स्टेशन ऐकू येतं, पण एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. दोघांनाही वाटतं रान मोकळं आहे, दोघंही बोलतात आणि मधल्याच्या कानात नुसता कालवा होतो. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने १९७१ मध्ये बेटांमधले संगणक रेडिओने जोडले, तेव्हा तर कोणी न ऐकताच बोलायचं, धडक झाली तर पुन्हा बोलायचं, अशी रीत होती. त्या रीतीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता उपयोगी पडते. आपला टीएनसी त्याहून शहाणा आहे. वाहिनी मोकळी दिसली तरी तो चिठ्ठी टाकतो. त्यातला पर्सिस्ट नावाचा आकडा (० ते २५५) ६३ ठेवलास तर चारात एकदाच ‘बोल’ची चिठ्ठी निघते, नाही निघाली तर तो १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा टाकतो. डोंगराआडचा बोलणारा यानेही ऐकू येत नाहीच, पण सगळे एकाच क्षणी तुटून पडत नाहीत. गर्दी वाढली की हा आकडा कमी करायचा. बरेच जण उलटं करतात आणि सगळ्यांचंच बंद पाडतात.

इथवर आलीस की डॉसवर फिल कार्न यांचा केए९क्यू हा प्रोग्राम चढवू. इंटरनेटची टीसीपी/आयपी भाषा तुझ्या ३८६ वरून थेट रेडिओवर. हे कार्न स्वतः हॅम. केए९क्यू ही त्यांची कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं हवेतलं नाव. त्यांना एक अडचण जाणवली. समज, तू मामाला पत्र टाकलंस, उत्तर आलं नाही म्हणून दुसरं टाकलंस, आणि मग एक उत्तर आलं. ते कोणत्या पत्राचं? पहिल्याचं असेल तर टपाल सावकाश आहे, दुसऱ्याचं असेल तर जलद. कळायला मार्ग नाही. कार्न यांनी ठरवलं, की पुन्हा पाठवलेल्या पॅकेटच्या उत्तरावरून वेळ मोजायचाच नाही आणि वाट पाहण्याची वाढवलेली मुदत तशीच राहू द्यायची. गळक्या रेडिओ लिंकवर सुचलेला हा १९८७ चा नियम पुढे सगळ्या टीसीपीत गेला. तुझ्या हातातल्या फोनमध्येही आहे. हॅम मंडळींना १९८१ पासून ४४ ने सुरू होणारे इंटरनेट पत्तेही मिळाले होते. त्यातले चतुर्थांश २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकले गेले, तरी सव्वा कोटी अजून आपल्याकडे आहेत. विकण्याबद्दल हॅम मंडळींत खूप वाद झाला. मला स्वतःला तो निर्णय आजही पटलेला नाही.

परवान्याबद्दल मी कडक आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन कॉलसाइन हातात पडेपर्यंत पीटीटीला, म्हणजे रेडिओच्या बोलायच्या बटणाला, हात लावायचा नाही, माझ्या घरातसुद्धा. आणि परवाना मिळाल्यावरही हवेत काही लपवायचं नाही: सांकेतिक मजकूर नाही, धंद्याचा निरोप नाही. प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर तुझी कॉलसाइन लिहिलेली असेल आणि आत काय आहे ते कोणालाही वाचता येईल. त्यामुळे बँकेचं पान किंवा पासवर्ड या वाटेने कधीही नाही.

तोवर माझ्याकडे बसून ऐक. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८२५ मेगाहर्ट्झवर हेच १२०० बॉडचे पॅकेट येतात. डोक्यावरून जायला त्याला दहाएक मिनिटं लागतात, आणि गच्चीतून चांगलं ऐकू येतं.

रविवारी सकाळी ये. येताना ९ पिनांचे दोन मादी कनेक्टर, तीन मीटर शील्ड केबल आणि तुझी ती आकड्यांची वही आण. सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे. काकू साबुदाण्याची खिचडी करणार आहे, तेव्हा घरून खाऊन येऊ नकोस.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा),
तुझा काका